घरचा कमावता माणूस गेल्यावर

घरचा कमावता माणूस गेला की दुःखामागोमाग खर्चही दारात उभा राहतो. अशा वेळी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. २०१२ पासून रक्कम तेवढीच, म्हणजे आज तुटपुंजीच.

मृताचं वय १८ ते ५९ असावं. मृत्यू अपघातीच हवा असं नाही, आजारपणाचाही धरतात. आणि कमावती बाई गेली तरी हक्क तोच; हे अनेकांच्या गावीही नसतं!

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत द्यायचा. मृत्यूचा दाखला मात्र आधी काढा, त्यावाचून सगळं अडतं. पतीच्या निधनानंतर निराधार झालेल्या बहिणींनी दरमहा अनुदानाचा अर्जही तिथेच विचारून घ्यावा.