चित्रपटाची जागा पाहताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दिलेला विषय असा आहे. आपल्यापैकी काहींच्या मुलींना कॉलेजातर्फे एक छोटा चित्रपट करायचा आहे, त्यासाठी जागा पाहायला जंगलाकडच्या गावांत जायचे आहे, आणि घरून परवानगी मिळत नाही. तेव्हा या कामात नेमके असते काय, ते कोणीतरी समजावून सांगावे. ‘जाऊ द्यावे की देऊ नये’ यावर आपण महिनाभर बोलत आहोत. पण जायचे कशासाठी, हे मात्र कोणी विचारलेले दिसत नाही.

मुलींनी लिहिलेली गोष्ट मी वाचली. दहा-बारा मिनिटांची आहे. पहाटे मोह वेचायला जाणारी आजी, तिच्यामागे हट्टाने जाणारी नात, आणि शेवटी दोघी धानाच्या बांधीत रोवणी करतात, असा प्रसंग. गोष्ट चांगली आहे. परंतु आपल्यापैकी जी खेड्यात वाढली असेल, तिच्या ध्यानात अडचण लगेच येईल. मोह गळतो मार्च-एप्रिलात आणि रोवणी होते पावसाळ्यात, जुलैच्या सुमारास. कागदावर दोन प्रसंगांत एका ओळीचे अंतर आहे, शेतात तेच अंतर तीन-चार महिन्यांचे आहे! मार्च महिन्यात सागाची पाने गळून जमिनीवर पाचोळा साचलेला असतो. जुलैत तेच रान हिरवेगार. आजीचे लुगडे तेच ठेवता येईल, रान तेच कसे ठेवणार?

थोरांनाही हे चुकलेले नाही. सत्यजित राय यांनी १९५२ च्या ऑक्टोबरात ‘पथेर पांचाली’चे चित्रण सुरू केले ते काशाच्या पांढऱ्या फुलांच्या माळावर. सुट्टीचा दिवस गाठून काम चाले. पुढच्या रविवारी मंडळी परत गेली, तो काय, गुरांनी सगळी फुले फस्त केलेली. उरलेला प्रसंग घेण्यासाठी पुढच्या वर्षीच्या फुलोऱ्याची वाट पाहावी लागली. आपल्याकडे पळसाचा भरवसा धरणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवावी. पळस फेब्रुवारी-मार्चात पेटल्यासारखा फुलतो, आणि परीक्षा संपवून मुली कॅमेरा घेऊन पोचतील तेव्हा झाडाखाली वाळकी फुले असतील.

म्हणून पाहणी आधी करावयाची. या पाहणीला सिनेमावाले ‘रेकी’ म्हणतात. रेकी म्हणजे सहल नव्हे. ज्या वेळी चित्रण करायचे, त्याच वेळी तिथे जाऊन उभे राहायचे. सकाळच्या प्रसंगाची जागा दुपारी पाहून काही कळत नाही. ऊन कोणत्या बाजूने येते, किती वाजता झाडाची सावली तोंडावर पडते, हे वहीत टिपायचे. मग डोळे मिटून पाच मिनिटे ऐकायचे. आपल्या जिल्ह्यात ऐकणे पाहण्याहून महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे. दुर्गापूरच्या बाजूला वीजकेंद्राची घरघर आणि कोळशाच्या ट्रकांची वर्दळ डोळ्यांना सवयीने जाणवत नाही, पण माईकला सगळे ऐकू येते. जंगलात गेले तर पायाखालचा सागाचा पाला असा वाजतो की आजीचे बोलणे त्यात बुडून जावे.

आणि शौचाची सोय. हा प्रश्न पुरुषांच्या वहीत बहुधा नसतो. सहा मुली दिवसभर कुठे जाणार? ज्या घरच्या बाईने आपली न्हाणी वापरू दिली, ते घर माझ्या हिशेबी कितीही सुंदर धबधब्यापेक्षा चांगली जागा. पाणी, सावली, मोबाईलला रेंज, जवळचे आरोग्य केंद्र, गाडी वळवायला जागा, हे त्यापाठोपाठ.

आता भीतीचे बोलते, कारण खरा अडसर तोच आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्या काही हौसेने गेल्या नव्हत्या. तेंदूच्या पैशावर वर्षाची बेगमी होते म्हणून गेल्या होत्या. ज्या जिल्ह्यात असे घडते, तिथे पहाटे जंगलात आजी-नातीचे चित्रण करायला मुलींनी जाऊ नये, हे आयांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण म्हणून चित्रपट सोडावा लागत नाही. मोहाचे झाड जंगलातच असते असे थोडेच आहे? कितीतरी मोह गावालगत, शेताच्या धुऱ्यावर उभे आहेत. अशा झाडाखाली, गावची माणसे सोबत घेऊन, उजाडल्यावर काम करावे. मार्चअखेर सव्वासहाच्या आसपास सूर्य उगवतो. पहिला पाऊण तास ऊन इतके तिरपे असते की पडद्यावर ती पहाटच दिसेल. जागा पाहण्याची विद्या ती हीच. एक गोष्ट मात्र मुलींना बजावली आहे. मोह वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची रीत काही ठिकाणी आहे, आणि त्यातून वणवे लागतात. चित्रात धूर छान दिसतो म्हणून काडी लावायची नाही.

परवानगीचे प्रकरण थोडक्यात सांगते. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथे चित्रण करायचे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंदच असते. मार्कंड्याचे देऊळ किंवा आपल्या चंद्रपुरातल्या गोंड राजांच्या समाध्या घ्यायच्या तर पुरातत्त्व खात्याकडे अर्ज. (राणी हिराईने पतीसाठी बांधवलेली समाधी आपल्यापैकी कितीजणींनी आतून पाहिली आहे? असो.) गडचिरोलीच्या आतल्या भागात जायचे तर पोलीस ठाण्याला आगाऊ कळवावे.

पण सर्वांत मोठी परवानगी गावाची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क सर्वांआधी मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. तिथे ग्रामसभेत सर्वांचे एकमत झाल्याखेरीज निर्णय होत नाही. अशा गावात सरपंचाला फोन करून काम भागत नाही. सभेत बसावे, गोष्ट वाचून दाखवावी, बायांनी प्रश्न विचारले तर उत्तरे द्यावीत. कोणी ‘आमची गरिबी दाखवायला आल्या का?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर मुलींजवळ तयार असले पाहिजे. नसेल तर गोष्ट पुन्हा लिहावी.

जागा ठरल्यावर आखणी. गोष्ट ज्या क्रमाने घडते त्या क्रमाने चित्रण करीत नाहीत. एका जागेचे सगळे प्रसंग एकत्र काढतात, म्हणजे तीच गाडी, तीच माणसे दोनदा न्यावी लागत नाहीत. कोणत्या दिवशी कोण, किती वाजता, कोणते सामान घेऊन, याचा कागद आदल्या रात्री सर्वांच्या हाती असावा. हे शास्त्र शिकायला मुंबईला जायला नको. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात, आणि नट, पडदे, दिवे घेऊन दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी उभ्या असतात. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. त्या रंगभूमीच्या व्यवस्थापकांकडे मुलींनी एक दिवस बसावे, असे मी सुचवले आहे.

आणि जेवण! दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पुरा केला. बाहेरच्या प्रसंगांसाठी मंडळी वांगणीला गेली, तर हातातली हत्यारे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखे वाटले. गावाला आधी सांगावे म्हणते ते याकरिताच. त्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत, आणि फिल्मला भोके पाडण्याचे, ती धुण्याचे कामही त्याच करीत. त्यांचे नाव आपण क्वचित घेतो. पुढे काळ पालटला. सुमित्रा भावे सामाजिक संशोधन करता करता चित्रपटाकडे वळल्या आणि १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट केला. गावच्या, वस्तीच्या बायांशी बोलणे हीच त्यांची पाहणी होती.

रोवणीच्या प्रसंगाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मुलींनी तो काढून टाकला. आता शेवटी आजी-नात गावच्या मामा तलावाच्या पाळीवर बसून मोह वाळत घालतात. मार्चात तेवढे होऊ शकते. पहिली पाहणी येत्या रविवारी आहे. सकाळी पाचला गाडी निघेल आणि दिवेलागणीच्या आत परत येईल. गाडीत आयांसाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत, आणि पायांत बूट घालून यावे.