आपाला सगळं माहीत होतं



मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअरचं काम करतो, अंबरनाथला राहतो. तरी आज आरोग्य कर्मचाऱ्यांवर बोलायला उभा आहे. माझी मोठी बहीण परिचारिका आहे आणि 2020 मध्ये मी तिला, तिने न विचारता, बरंच काही शिकवायला गेलो होतो.

एप्रिल महिना होता. मी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवून म्हणालो, "आपा, किट काढताना आधी हातमोजे, मास्क सगळ्यात शेवटी." तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, ते मला पाठ आहे. पण किट काढायला आमच्याकडे वेगळी खोली नाही. जिन्याखाली काढतो. तिथे बेसिन नाही. आता तू सांग, हात कुठे धुऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बऱ्याच पाहण्या झाल्या. त्यांचे बहुधा तीन भाग असतात: कर्मचाऱ्याला काय माहीत आहे, त्याला काय वाटतं आणि तो प्रत्यक्षात काय करतो. पद्धत चांगली आहे. पण माहिती आहे आणि सवय नाही असं दिसलं, की आपण "प्रशिक्षण द्या" म्हणून मोकळे होतो. आमच्या कामात एकाने चुकीचं बटण दाबलं, तर चूक त्याची असू शकते. दहा जणांनी तेच बटण दाबलं, तर ते ठेवणाऱ्याची चूक शोधावी लागते.

एक साधा हिशेब करू. साबणाने हात नीट धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात. वॉर्डात 20 खाटा धरा. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, असे दोनदा हात धुतले, तर एका फेरीत किमान 26 मिनिटं फक्त हात धुण्यात जातात. सॅनिटायझरने हेच काम 20 ते 30 सेकंदांत होतं, पण बाटली खाटेजवळ असली तर. ती वॉर्डाच्या दाराशी असेल, तर व्याख्यान देऊन काही होणार नाही.

एन-95 मास्कचंही तसंच. तो किमान 95 टक्के सूक्ष्म कण अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. मोठ्या मापाचा मास्क लहान चेहऱ्यावर बाजूने हवा आत घेतो. आपा पाच कागदी पाकिटांवर वार लिहून पाच मास्क आलटून-पालटून वापरायची. एका पाळीला किट एकच, म्हणून ड्युटीआधी पाणी पीत नसे. मे महिन्यात, प्लास्टिकच्या पोशाखात! पाळीच्या दिवसांचं तर कुणी विचारतही नव्हतं.

आता वृत्तीबद्दल. आपण कर्मचाऱ्यांची वृत्ती मोजतो, आपली कोण मोजणार? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधले कितीतरी लोक मुंबईच्या रुग्णालयांत कामाला जातात. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर. 15 जून 2020 ला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू होईपर्यंत हा प्रवास बसने चालला होता. त्याच मे महिन्यात शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत नोकरी करणाऱ्यांची रोजची ये-जा बंद करण्याचा आदेश काढला आणि विरोध झाल्यावर तो थांबवला. 22 मार्चला आपणच टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्या इमारतीतही वाजल्या. महिन्याभराने त्याच इमारतीत आपाला लिफ्ट वापरू नका असं सांगण्यात आलं. ज्याला घरी येण्याची भीती वाटते, तो ताप लपवतो. साथ तिथूनच वाढते.

त्यागाचं कौतुक आपल्याला सोपं जातं. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना गेल्या, 10 मार्चला. त्यांना आपण मानतो, मानलंच पाहिजे. पण सव्वाशे वर्षांनंतरही सेवा करणाऱ्याने जीव धोक्यात घालावा आणि आपण हार घालावेत, ही त्यांची वारसदारी नव्हे. जून 2021 मध्ये राज्यातल्या आशा ताई संपावर गेल्या, तेव्हा "साथीत संप?" असं विचारणारे आपल्यातही होते. घरोघर फिरणाऱ्या त्या बायकांना पगार नाही, मानधन मिळतं, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं?

माझा प्रस्ताव छोटा आहे. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, या तिन्ही ठिकाणी आपण माहितीच्या अधिकारात अर्ज करू. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रश्न चार. किट बदलायला वेगळी खोली आणि बेसिन आहे का? मास्क किती मापांचे आहेत, साठा किती? कंत्राटी सफाई कामगार आणि वॉर्डबॉय यांनाही तेच मास्क मिळतात का? महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का?

साथ नसताना हे विचारायला हवं. साथ आल्यावर बेसिन बसवता येत नाही.

परवा आपाला हे भाषण वाचून दाखवलं. म्हणाली, "ठीक आहे. पण एक जोड, आम्हालाही बोलवा." म्हणून पुढच्या बैठकीत वक्ता मी नसेन. ती आणि तिच्या दोन सहकारी बोलतील. आपण ऐकू.