१४४ हर्ट्झचा हिशेब

साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. १४४ हर्ट्झवर हेच अंतर ६.९ वर येतं. वळणावर सुसाटणारी गाडी मग तितकी धूसर होत नाही, हा फरक नवख्यालाही जाणवतो. २४० हर्ट्झवर मात्र वाचतात जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद. पैसे त्यामानाने बरेच जास्त!

बरीच वर्षं वेग हवा असेल तर फिकट रंगांचं टीएन पॅनेल घ्यावं लागे. हिताचीने १९९६ साली आणलेलं आयपीएस तंत्र रंगांना आणि बाजूने पाहायला उत्तम, पण संथ. २०१५ मध्ये एसरचा एक्सबी२७०एचयू आला आणि १४४ हर्ट्झचा वेग आयपीएसलाही साधला.

उणीव राहिली ती काळ्या रंगाची. आयपीएसचं कॉन्ट्रास्ट साधारण हजारास एक, तर व्हीए या आणखी एका प्रकारच्या पॅनेलचं तीन हजारांच्या आसपास. अंधाऱ्या खोलीत भुताटकीचा गेम लावला की आयपीएसवर काळोख राखाडी दिसतो, कोपरे उजळतात. खोक्यावरचं ‘१ मिलिसेकंद’ हे रंग बदलायला लागणाऱ्या वेळेचं आश्वासनही जपूनच वाचावं. तो आकडा अनेकदा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेल वेगाने बदलायला लावणारी सोय, ताणून गाठलेला असतो आणि मग हलत्या वस्तूंमागे फिकट सावल्या उमटतात.

ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ७०च चित्रं देत असेल, तर १४४ हर्ट्झचं चीज होत नाही.

आणि मॉनिटर जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एकदा डोकवा. महागडा पडदाही तिथे कधीकधी ६० हर्ट्झवरच चालत असतो.