लाखेची तबकडी आणि जॅझचा नाद



आजचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा एका स्नेह्याने आम्हांला रस्त्यातच गाठले. म्हणाले, "अहो, आपल्या गोंदियात धानाच्या गिरण्या आहेत, विडीचे कारखाने आहेत, झाडीपट्टीची नाटके आहेत. तुम्ही हे जॅझ कुठून काढलेत?" आम्ही म्हणालो, "पळसाच्या झाडावरून." स्नेह्यांना ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, एवढे आज सिद्ध करून दाखवायचे आहे. त्यानंतर आमच्या नादाविषयी चार शब्द बोलू.

पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच करतात. फांदीवरून ते खरवडायचे, कुटायचे, धुवायचे आणि वितळवून त्याचे पातळ पापुद्रे काढायचे, म्हणजे चपडा तयार होतो. या धंद्याचे आपले गोंदिया हे जुने ठाणे. लाखेच्या कारखान्यांची आठवण इथल्या वडीलधाऱ्यांना सांगावी लागत नाही. आता मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी ती जुनी काळी तबकडी हातात घ्या. ती कशाची? दगडाची बारीक पूड, थोडी काजळी, कापसाचे तंतू आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा चपडा. पूड मुद्दाम घालीत असत. पोलादी सुईचे टोक पहिल्या काही फेऱ्यांतच झिजून खाचेच्या आकाराचे व्हावे, ही त्यातली युक्ती. जगाला लागणारी लाख त्या काळी मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. लुई आर्मस्ट्राँग यांनी १९२५ सालापासून शिकागोत आपल्या 'हॉट फाइव्ह'च्या तबकड्या मुद्रित केल्या, त्यांतल्या कोणत्या तबकडीला कोणत्या रानाची लाख लागली हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पण ती आपल्याकडच्या एखाद्या पळसावरची असेल, अशी कल्पना करायला आम्हांला कोणी मनाई करू नये.

दुसऱ्या महायुद्धात ही लाख किती मोलाची हे अमेरिकेला कळून चुकले. १९४२ साली तिथल्या सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक बंधन घातले. जुन्या तबकड्या परत आणा, म्हणजे त्या दळून नव्या करता येतील, असे लोकांना सांगण्यात येऊ लागले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात वादकांच्या संघटनेने मोबदल्याच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तो पुरता मिटायला १९४४ उजाडले. नेमक्या याच काळात जॅझ कूस पालटत होते. अर्ल हाइन्स यांच्या ताफ्यात १९४३ साली चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे दोघे एकत्र वाजवीत होते, आणि त्या ताफ्याची कंपनीने काढलेली एकही तबकडी नाही. इतिहासाचे नेमके तेच पान कोरे राहिले.

कोरे पान आम्हांला फार छळते. न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डेन हा जॅझचा आद्य पुरुष मानला जातो. १९०७ साली तो वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ साली तिथेच वारला. त्याच्या वादनाचा एक सूरही आज ऐकायला मिळत नाही. आपल्याकडे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्वांचे गुरू, तीन घराण्यांची विद्या पचवलेला गवई. पण त्यांचीही ध्वनिमुद्रिका नाही. दोघांविषयी आपण जे जाणतो ते ऐकलेल्यांनी सांगितलेले. संग्राहकाचा जन्म या हळहळीतून होतो, असे आमचे मत आहे. जे गेले ते गेले, निदान उरले आहे ते तरी फुटू नये!

परंतु आमच्याच हातून एक तबकडी गेली, तीही फुटून नव्हे. उमेदवारीच्या दिवसांत जुन्या बाजारातून आर्मस्ट्राँगची एक मळकट तबकडी मिळाली. ती लखलखीत करावी म्हणून आम्ही कापूस स्पिरिटमध्ये बुडवून मोठ्या प्रेमाने पुसली. कापूस काळा झाला, मळ निघतो आहे म्हणून आम्ही खूष! मळ निघत नव्हता, गाणे निघत होते. लाख स्पिरिटात विरघळते हे इथल्या प्रत्येक सुताराला ठाऊक असते. लाकडाला पॉलिश करताना तो दुसरे काय करतो? लाखेच्या गावात राहून आम्हांला ते सुचले नाही. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील तर एवढे ध्यानात ठेवा: स्पिरिट नको, थोडे पाणी आणि मऊ फडके पुरे. कागदाची चिठ्ठी मात्र भिजू देऊ नका. आणि वैशाखात पत्र्याखाली आडव्या चळती रचू नका, आपल्याकडच्या उन्हात त्या पापडासारख्या वाकतात. उभ्या ठेवा.

आता ऐकण्याकडे वळू. जॅझ हे मुळात त्या वेळेपुरते संगीत आहे. एक ठरलेली चाल घ्यायची, तिच्याखालचा स्वरमेळ धरायचा आणि बारा किंवा बत्तीस खंडांच्या आवर्तनात प्रत्येक वादकाने आपली उपज करायची. 'आवर्तन' आणि 'उपज' हे शब्द आम्ही मुद्दामच वापरले. आपल्या तबलजीला ही रचना पाच मिनिटांत समजेल. काल वाजवले ते आज वाजवायचे नाही, हा या संगीताचा धर्म. आणि तबकडीचा धर्म नेमका उलटा: काल वाजले तेच आज, उद्या आणि शंभर वर्षांनी वाजायचे.

आर्मस्ट्राँग यांनी २८ जून १९२८ रोजी 'वेस्ट एंड ब्लूज' मुद्रित केले. त्याच्या आरंभी एकट्या ट्रंपेटची काही सेकंदांची झेप आहे. त्या क्षणी ती उमटली आणि मेणात कोरली गेली. पुढे देशोदेशीच्या तरुण वादकांनी ती सुरासुरानिशी घोकली. म्हणजे उपज होती तिची बंदिश झाली! आपल्याकडे काय निराळे घडले? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतल्या जागा लोकांनी जशाच्या तशा उचलल्या. तासभर फुलणारा राग खाँसाहेबांनी तबकडीसाठी मुठीत धरला होता. ती मूठ म्हणजेच राग, असे पुष्कळांना वाटू लागले.

यावर उतारा आम्हांला पार्करच्या तबकड्यांत सापडला. त्याने १९४५ ते १९४८ या काळात सॅव्हॉय आणि डायल या कंपन्यांसाठी वाजवले, त्यातल्या बाजूला टाकलेल्या प्रती पुढे प्रसिद्ध झाल्या. तीच चाल, तेच साथीदार, तोच दिवस, आणि दर वेळी उपज वेगळी. त्या लागोपाठ ऐकल्या म्हणजे मग कळते की आपण ज्याला 'ते गाणे' म्हणत होतो तो केवळ एक प्रसंग होता. तेव्हापासून आमच्या संग्रहात दुर्मीळपणाचा मान थोडा कमी झाला. एकच चीज तीन जणांनी कशी वाजवली, एकाने तीनदा कशी वाजवली, हे ज्या तबकड्या सांगतात त्या आम्ही पुढच्या फळीवर ठेवतो. न वाजवता कुलपात ठेवणारे थोर संग्राहक आहेत. त्यांच्याशी आमचे जमत नाही.

वेगाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या तबकड्यांवर अठ्ठ्याहत्तर फेरे म्हणतात खरे, पण आरंभीच्या काळात वेग एकसारखा नव्हता. चौऱ्याहत्तरला मुद्रित झालेली तबकडी अठ्ठ्याहत्तरला फिरवली की गाणे जवळजवळ शेजारच्या पट्टीवर चढते, आणि धीरगंभीर बाई अवखळ पोर वाटू लागते. आज मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या कित्येक प्रतींत हा दोष आहे. पेटी जवळ घेऊन षड्ज ताडून पाहावा. गौहरजान यांनी १९०२ साली कलकत्त्यात गायलेल्या तबकड्यांच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत उच्चारले आहे. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. गाणे कोणाचे हे तिथल्या कामगारांना कळायला हवे ना! गाणे चढले की ते बोलणेही चढते, आणि मनुष्याच्या बोलण्यातला खोटा वेग कानाला लवकर उमगतो.

राहता राहिला स्नेह्यांचा प्रश्न. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला मुंबईत गाजला आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. यांचे ऐकून गोव्याचे तरुण तयार झाले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ याला सारी मुंबई 'चिक चॉकलेट' म्हणे. त्याचा ट्रंपेट ऐकून लोकांना आर्मस्ट्राँग आठवे. हॉटेलातल्या पगारावर भागेना, म्हणून हे वादक सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. १९५१ साली 'अलबेला' आला. संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. लहानपणी त्यांनी गाण्याचे धडे आपल्या शेजारच्या नागपुरात घेतले. चिकचे वादक त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. भगवानदादांबरोबर ज्यांच्या आजोबांनी ताल धरला त्यांच्या घरात जॅझ केव्हाच येऊन गेले आहे. आले तेव्हा त्याने आपले नाव सांगितले नाही, इतकेच. चिक १९६७ साली वारला. त्याचे नाव मात्र पुष्कळ तबकड्यांच्या चिठ्ठीवर नाही, कारण चिठ्ठीवर वादकांना जागा नसे.

आम्ही तीन तबकड्या बरोबर आणल्या आहेत. पहिली आर्मस्ट्राँगची, दुसरी 'अलबेला'ची, तिसरी खाँसाहेबांची. यंत्र चावीचे आहे, तेव्हा वीज गेली तरी अडचण नाही. मागच्या रांगेतल्या मंडळींनी कृपा करून पुढे यावे, कर्ण्याचा आवाज तिथवर पोचणार नाही. सुई आम्ही दर तबकडीला बदलतो, तेवढा वेळ द्यावा. दुसऱ्या तबकडीत ट्रंपेट कुठे शिरतो तिकडे लक्ष असू द्या. ती जागा सापडली की हात वर करा.