दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका परिचारिका-भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी तोंड गोड करावे अशी रीत असताना मी आंबट विषय घेऊन उभी राहिले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. पण छातीत कधी जळजळ होत नाही, घशाशी आंबट पाणी येत नाही, अशा किती जणी या सभागृहात निघतील? मिसळीच्या आणि चिवड्याच्या या आपल्या नाशकात पुष्कळ जणींच्या पर्समध्ये गोळ्यांचे एक पाकीट सापडेल.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना पाच वर्षे हा त्रास होता. दिवसभर घर सांभाळायचे, सर्वांची पाने झाल्यावर रात्री अकराला स्वतः जेवायचे आणि लगेच अंग टाकायचे. अखेर दुर्बिणीने तपासणी झाली आणि कागदावर आले, ‘सर्व ठीक’. घरात लगेच म्हटले गेले, “काही निघाले नाही, सगळे मनाचे खेळ आहेत.” त्या दिवसापासून जाऊबाईंनी दुखणे सांगणेच सोडले. मी परिचारिका, त्याच तपासणीच्या खोलीत बारा वर्षे काम केलेली. पण वडीलधाऱ्यांपुढे मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून आज बोलते आहे.

आधी हे दुखणे काय आहे ते पाहू. घशापासून जठरापर्यंत सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका असते. तिच्या खालच्या टोकाशी स्नायूंचे एक कडे असते. घास उतरला की ते आवळते. हे कडे सैल पडले की जठरातले आम्ल वर चढते. जठराचे अस्तर आम्ल सोसते. अन्ननलिकेला ते सोसत नाही.

आत डोकावून पाहण्याची माणसाची धडपड जुनी आहे. १८६८ साली जर्मनीत डॉ. कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशातून सरळ नळी घालून पाहिले. तशी नळी तुम्हांआम्हांला कोण गिळवणार! पुढे १९५४ साली इंग्लंडात हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातील मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र वाकड्या वाटेनेही नेता येते, हे दाखवून दिले. १९५७ साली अमेरिकेत डॉ. हिर्शोविट्झ यांनी तशी लवचिक दुर्बीण केली आणि रोग्याच्या आधी स्वतः गिळली. आज तिच्या टोकाला इवलासा कॅमेरा असतो. मुंबईचे डॉ. अमित मायदेव हे याच विद्येतले. त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली.

नेहमीच्या पांढऱ्या उजेडात अन्ननलिकेतल्या जखमा दिसतात आणि त्यांच्या कमीजास्तपणावरून ए, बी, सी, डी असे चार दर्जे लावतात. परंतु हा त्रास असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना अशी जखम दिसतच नाही. इथे नव्या दुर्बिणीवरची एक कळ उपयोगी पडते. ती दाबली की ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि हिरवा प्रकाश तेवढा वापरला जातो. रक्त हा प्रकाश शोषून घेते, म्हणून आतल्या बारीक केशवाहिन्या गडद तपकिरी उठून दिसतात. याला नॅरो बँड इमेजिंग म्हणतात. तांदूळ निवडताना आपण ताट खिडकीशी नेतो, तसेच हे. खडा तोच असतो, उजेड बदलला की डोळ्यांत भरतो. यासाठी वेगळी नळी नाही, की जास्तीचे दुखणे नाही.

जाऊबाईंची दुसरी तपासणी अशा दुर्बिणीने झाली. केशवाहिन्यांची वेटोळी फुगलेली, वेडीवाकडी आणि संख्येने अधिक दिसली. डॉक्टर म्हणाले, “संशयाला जागा आहे, पण एवढ्यावर निकाल देता येत नाही.” मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला. निकालासाठी २४ तासांची आम्लमोजणी करतात. नाकातून बारीक तार आत सोडलेली असते. दिवसातल्या सहा टक्क्यांहून अधिक वेळ, म्हणजे सुमारे दीड तास, अन्ननलिकेत आम्ल राहिले, तर दुखणे सिद्ध झाले असे धरतात. जाऊबाईंची मोजणी त्याहून बरीच वर गेली. शिवाय पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत त्या गोळ्या घेत होत्या. गोळीने जखम भरली, तर दुर्बिणीला दिसणार काय? म्हणून कोणती गोळी किती दिवस घेता, ते डॉक्टरांना आधी सांगावे आणि बंद करायची ती त्यांच्याच सांगण्यावरून.

तपासणीचे भय बाळगू नका. घशाला औषध फवारून बधिर करतात, डाव्या कुशीवर निजवतात. श्वासाची वाट वेगळी असल्याने गुदमरत नाही. काही मिनिटांचे काम असते. पण घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, काळा शौच यांतले काही दिसले, तर एक दिवसही दवडू नका. आणि छातीत दाटून येऊन घाम सुटला, धाप लागली किंवा हात-जबडा दुखू लागला, तर त्याला आम्लपित्त समजून सोडा पीत बसू नका. आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

घरी करण्याजोगे थोडकेच आहे. निजण्यापूर्वी दोन-तीन तास जेवण आटोपा, उशाकडील पलंगाचे पाय वीतभर उंच करा, डाव्या कुशीवर निजा. पण पहिली गोष्ट साधण्यासाठी सर्वांबरोबर पान मांडून बसावे लागेल, आणि ते औषध कुठल्याच दुकानात मिळत नाही!

मोजणीचा कागद हाती आला तेव्हा जाऊबाई बराच वेळ तो पाहत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते तर!” भगिनींनो, हे म्हणायला त्यांना कागदाची वाट पाहावी लागली. आपल्या शेजारणीला, सुनेला, सासूला ती पाहायला लावू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.