मोठा मासा परत पाण्यात
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरी, पगार आणि मुलांचे मार्क सोडून कशावरही पंधरा मिनिटं बोला, असं संयोजकांनी आम्हा वक्त्यांना बजावलं होतं. मी सॉफ्टवेअरवर बोलणार नाही हे कळल्यावर समोरच्या दोन रांगांचे चेहरे खुलले, ते इथून दिसलं. मी बोलणार आहे मासे पकडण्यावर. ज्या सभागृहात निम्मी मंडळी खारेपाटातली आहेत आणि काही जणांच्या घरच्या होड्या आजही खाडीत चालतात, तिथं हा विषय काढायचा म्हणजे धाडसच. पण मी मासेमारी शिकवायला उभी नाही. दुसऱ्या एका खाडीवर जे पाहिलं, त्यानं मला आपल्याच जिताड्याकडे पुन्हा बघायला लावलं, तेवढंच सांगणार आहे.

मी फ्लोरिडात, टॅम्पा खाडीजवळ राहते. तिथं 'लाइट टॅकल चार्टर' नावाचा प्रकार आहे. चार्टर म्हणजे तांडेलासकट होडी दिवसभरासाठी ठरवायची. तांडेल म्हणजे तिथला कॅप्टन. त्याच्याकडे तटरक्षक दलाचा परवाना लागतो आणि तो मिळवायला आधी समुद्रावरचे ३६० दिवस दाखवावे लागतात. या परवान्यावर जास्तीत जास्त सहा प्रवासी नेता येतात. उथळ खाडीत फिरणारी होडी साधारण चोवीस फुटांची, म्हणून चार जण असले तर बरं. मासे पकडायचा परवाना कॅप्टनच्या होडीचा असतो, त्यात पाहुणे धरलेले असतात. आपण टोपी, पाणी, डबा घेऊन जायचं. आम्ही ऑक्टोबरात गेलो तेव्हा आमच्या डब्यात थालीपीठ आणि लसणाची चटणी होती. दुपारपर्यंत कॅप्टनही आमच्यातच जेवत होता.

दिवस उजाडायच्या आधी निघायचं. सगळ्यात पहिलं काम आमिष गोळा करणं, आणि ते करायची पद्धत बघून मला हसू आलं, कारण तो होता आपला पाग! कॅप्टन होडीच्या नाळेवर उभा राहिला, शिशाच्या मण्यांची कड दातांत धरली, अंगाला झोका दिला आणि गोल पाग पाण्यावर पसरला. अगदी आपल्या खाडीवर टाकतात तसाच. त्यात तारलीच्या जातकुळीतले बोटभर लांबीचे चंदेरी मासे आले. ते वाहत्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवले. हे झाल्याशिवाय कोणी गळाला हात लावत नाही.

आता 'लाइट टॅकल' म्हणजे काय ते सांगते, कारण गंमत त्यात आहे. हलकी काठी, लहान रीळ आणि बारीक दोरी. आमची दोरी दहा पौंडांची होती, म्हणजे साडेचार किलोच्या ओढीला तुटणारी. मासा सहा-सात किलोचा असू शकतो आणि त्याच्या झटक्याचा जोर त्याच्या वजनावर ठरत नाही. मग दोरी टिकते कशी? रिळात घर्षणाच्या चकत्या असतात, त्याला ड्रॅग म्हणतात. तो साधारण दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका घट्ट करतात, म्हणजे सव्वा-दीड किलोवर. माशानं त्याहून जास्त जोर लावला की रीळ घसरतं आणि दोरी सुटत जाते. मासा पळतो, पण प्रत्येक फूट दोरीसाठी त्याला घर्षणाविरुद्ध काम करावं लागतं. तो थांबला की आपण काठी उचलायची, काठी खाली नेताना दोरी गुंडाळायची. बल, घर्षण आणि कार्य हे तीन धडे आपल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर शिकवले. ते तिघे एकत्र काम करताना मी पहिल्यांदा त्या होडीत पाहिले. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, हे सूत्र माझ्या मुलीला मी होडीतच समजावलं.

पण हलकं म्हणजे किती हलकं, यालाही मर्यादा आहे. दोरी फारच बारीक घेतली तर मासा ओढून आणायला वेळ लागतो, तो पार थकतो आणि सोडल्यावर डॉल्फिनच्या किंवा शार्कच्या तोंडी जातो. म्हणून चांगला कॅप्टन दोरी अशी निवडतो की माशाला संधी मिळावी, पण त्याचा छळ होऊ नये. गळही गोलसर वळलेला वापरतात. तो घशात न जाता बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि सहज निघतो. मासा हातात घेण्याआधी हात ओले करायचे, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. पोटाखाली हात देऊन आडवा धरायचा, शेपटीला किंवा जबड्याला लटकवायचा नाही.

ही खाडी तुम्हाला परकी वाटणार नाही. काठाला तिवरं आहेत, मुळं पाण्यात रोवून उभी असलेली. भरतीचं पाणी तिवरांत शिरतं तेव्हा मासे मुळांपाशी जातात आणि ओहोटी लागली की बाहेर येऊन टपून बसतात. फरक इतकाच की आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं, तिथं जेमतेम दोन-तीन फूट. त्यामुळे कॅप्टनचं सगळं लक्ष घड्याळापेक्षा पाण्याच्या ओढीवर. सकाळी तिवरांच्या कडेला, दुपारी समुद्रगवताच्या पट्ट्यांवर, मग पुन्हा ओहोटीच्या तोंडाशी, असा दिवस जातो. मध्ये तासभर काहीच लागत नाही. चार माणसं एकमेकांशी गप्पा मारू शकतात असा तास हल्ली कुठे मिळतो?

आता मुख्य गोष्टीकडे येते. अकराच्या सुमारास माझ्या मुलीच्या गळाला स्नूक लागला. या माशाचं कपाळ उतरतं, खालचा जबडा पुढे आलेला आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक ठळक काळी रेघ. दहाएक मिनिटांनी तो होडीशी आला. कॅप्टननं ओल्या मोजपट्टीवर ठेवला. पस्तीस इंच. मुलगी आनंदानं उड्या मारत होती. माझ्या मनात त्याच्या तुकड्यांना हळद-मीठ लावून झालं होतं. आणि कॅप्टननं तो पाण्यात धरला, पुढे-मागे हलवून कल्ल्यांतून पाणी खेळू दिलं आणि सोडून दिला.

तिथला नियम असा आहे. स्नूक ठेवायचा तर तो २८ इंचांपेक्षा लहान नको आणि ३३ पेक्षा मोठाही नको. माणशी दिवसाला एकच. डिसेंबर ते फेब्रुवारी आणि मे ते ऑगस्ट बंदी. पाहुण्यांना नेणाऱ्या कॅप्टनला स्वतःच्या वाट्याचा एकही ठेवता येत नाही. लहान मासा सोडायचा हे मला पटत होतं, ते आपल्याकडचे जुने लोकही सांगतात. पण मोठा का सोडायचा?

याचं उत्तर ऐकून मी गप्प झाले. स्नूक जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षं नर राहतो, मग वाढता वाढता मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठे मासे या बहुतेक आया असतात. माझ्या मुलीनं ओढून आणली ती आईच असणार.

घरी येऊन मी वाचायला बसले आणि कळलं की आपला जिताडा अगदी असाच आहे. आधी नर, मोठा झाला की मादी. एके काळी शास्त्रज्ञ स्नूक आणि जिताडा यांना एकाच कुळात धरत. दोघं खाडीचे, दोघं गोड्या पाण्यात जाऊन राहणारे आणि अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे येणारे. चार वर्षं मी स्नूक बघत होते आणि तो आपल्या तळ्यातल्या माशाचा अमेरिकेतला चुलतभाऊ निघाला.

इथं मला भूमितीच्या बाई आठवल्या. लांबी दुप्पट झाली की घनफळ आठपट होतं, हे त्यांनी आपल्याकडून घोकून घेतलं होतं. माशालाही तेच लागू पडतं. दुप्पट लांबीचा मासा दुप्पट नव्हे, साधारण आठपट वजनाचा असतो आणि त्या प्रमाणात त्याच्या पोटात अंडी. म्हणजे एक मोठी मादी कापली की आपण एक मासा खात नाही, खाडीचा बियाण्याचा पेव रिकामा करतो. शेतकरी सगळ्यात भरलेलं कणीस बियाण्याला ठेवतो. मासळीच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो.

फ्लोरिडातल्या लोकांना हे शहाणपण आपोआप सुचलं असं नाही. स्नूकच्या विक्रीवर १९५७ मध्येच बंदी आली, कारण तो संपत चालला होता. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लीन्सच्या पॉल प्रुडोम या बल्लवाचार्यांनी काळसर भाजलेला रेडफिश लोकप्रिय केला. देशभर हॉटेलांतून मागणी वाढली आणि खोल समुद्रातले मोठे, अंडी घालणारे रेडफिश जाळ्यांनी उपसले गेले. मेक्सिकोच्या आखातातल्या केंद्राच्या हद्दीत तो पकडणं शेवटी पूर्ण बंद करावं लागलं आणि ते आजही बंद आहे. २०१० च्या जानेवारीत थंडीची लाट आली, स्नूक मोठ्या संख्येनं मेले. मग आखाताच्या किनाऱ्यावर २०१३ च्या सप्टेंबरपर्यंत एकही स्नूक घरी नेता आला नाही. चार्टरवाले त्या काळात लोकांना न्यायचे, मासा दाखवायचे आणि सोडायचे.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण परतीच्या वाटेवर कॅप्टननं जे सांगितलं ते सांगितलं नाही तर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. त्याचे वडील जाळीवाले होते, बोय पकडणारे. १९९४ च्या नोव्हेंबरात फ्लोरिडात मतदान झालं आणि जवळजवळ ७२ टक्के मतदारांनी कौल दिला की राज्याच्या पाण्यात अडकवणारी जाळी नकोत. १९९५ च्या जुलैपासून ती बंद झाली. मासे वाढायला त्याची मदत झाली असं तो मानतो. पण टॅम्पा खाडीच्या दक्षिणेचं कोर्टेझ हे कोळ्यांचं जुनं गाव त्यात होरपळलं. सरकारनं जाळी विकत घेतली, पण जाळ्याबरोबर गेलेलं काम विकत घेता येत नाही. मत देणाऱ्यांत बहुसंख्य शहरातले होते. ज्यांची चूल त्या जाळ्यावर चालत होती ते मूठभर. वडील नंतर समुद्रावर गेले नाहीत, मुलगा आज पर्यटकांना मासे दाखवून पोट भरतो. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण अभिमानही नव्हता.

म्हणून मी इथं उभी राहून असं म्हणणार नाही की आपल्याकडेही तसे कायदे करा. सुट्टीच्या दिवशी मासा सोडून देणं सोपं असतं, कारण त्या रात्रीचं जेवण त्याच्यावर अवलंबून नसतं. आपल्या वर्गातल्या ज्यांच्या घरी डिझेलचा खर्च निघाला की नाही यावर महिना ठरतो, त्यांना मी मोठा मासा सोडा असं कोणत्या तोंडानं सांगू?

सांगायचं आहे ते आपल्यासारख्या विकत घेणाऱ्यांना. मुंबई-पुण्याहून गावी आलो की आपली फर्माईश काय असते? सगळ्यात मोठा जिताडा. जावई येणार, मोठा बघून ठेवा. पोटात गाबोळी असली तर आणखी छान, तिचे जास्त पैसे द्यायला आपण तयार. मासा पकडणारा तेच आणतो ज्याला भाव मिळतो. भाव ठरवणारे आपण आहोत. जर आपण मध्यम आकाराचा मासा मागितला आणि त्याला तितकाच चांगला दर दिला, पावसाळ्यात गाबोळीची फर्माईश केली नाही, तर कोणाच्या पोटावर पाय न देता खाडीचं बियाणं राहील. २०२३ मध्ये आपल्या राज्यानंही अनेक जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. तो खालचा आकडा झाला. वरचा आकडा आपण आपल्या स्वयंपाकघरात ठरवू शकतो.

आणि दुसरं. पाग टाकणारे, उधाण-भांग तोंडपाठ असलेले, कुठल्या तिवराखाली कुठला मासा बसतो हे जाणणारे लोक या सभागृहात आहेत. तिथं चार माणसांना दिवसभर होडीतून फिरवणाऱ्याला त्या ज्ञानाचा मान आणि मोल मिळतं. आपल्या खाडीत एखाद्या वर्गमित्रानं चार पाहुण्यांना असं नेलं, मासा दाखवला, मोठा सोडून दिला, तर जिवंत मासा त्याला पुन्हा पुन्हा पैसे देईल. परवाने, सुरक्षा, विमा या गोष्टी लागतील. हिशेब आणि नोंदणीची कामं माझ्यासारख्यांनी करावीत, ती आम्हाला येतात. होडी कशी न्यायची ते मात्र तुम्हीच सांगायचं.

शाळेनं मला अमेरिकेत जाण्यापुरतं इंग्रजी आणि गणित दिलं. पण खाडी म्हणजे काय हे बाकावर शेजारी बसलेल्या मुलींनी शिकवलं, ज्यांच्या दप्तराला सुकटीचा वास यायचा. त्या शिदोरीवर मी टॅम्पाच्या खाडीत परकी वाटले नाही. उद्या दुपारी जेवणात जिताडा आहे असं कळलं. मध्यम आकाराचा असेल तर मला एक तुकडा जास्त वाढा.