कोन किती उघडला?

पाचवी-सहावीतल्या मुलाला वहीत दोन कोन काढून द्या. दोन्ही चाळीस अंशांचे, पण एकाच्या रेषा लांब आणि दुसऱ्याच्या आखूड. मग विचारा, यातला मोठा कोणता? पुष्कळ मुलं लांब रेषांकडे बोट दाखवतील.

मी कवितेचा माणूस, बी. ए.पर्यंत शिकलेला. गणितातला अधिकार सांगत नाही. पण इथली अडचण मला शब्दांची वाटते. लघु म्हणजे लहान, विशाल म्हणजे मोठा, एवढं मूल पाठ करतं. काय लहान आणि काय मोठं, हे सांगायचं राहून जातं.

मोजायचं असतं ते उघडणं. घरातलं दार बघा. लावलेलं असलं की शून्य कोन. किलकिलं केलं, लघुकोन झाला. चौकटीशी बरोबर ९० अंशांत आलं की काटकोन. आणखी ढकललं की विशालकोन आणि मागच्या भिंतीला टेकलं की १८० अंशांचा सरळकोन. दार खोपटाचं असो की वाड्याचं, तेवढंच उघडलं तर कोन तेवढाच. दार पुढे जात नाही, तिथं घड्याळ घ्या. मिनिटकाटा बारापासून नऊपर्यंत गेला की २७० अंश, हा प्रविशाल कोन. फेरी पुरी झाली की ३६० अंशांचा पूर्ण कोन.

सुताराच्या हातातला गुण्या आपण सगळ्यांनी पाहिला आहे. हा शब्द मला फार आवडतो. ग्रीक भाषेत कोनाला 'गोनिया' म्हणतात. तोच शब्द फारसीत आला आणि तिथून आपल्याकडच्या सुताराच्या पेटीत येऊन बसला. केवढा प्रवास!

गवंडी तर गुण्याशिवायही काटकोन काढतो. पाया आखताना कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर ५ फूट भरलं की कोपरा काटकोनात आला. कमी भरलं तर लघुकोन, जास्त भरलं तर विशालकोन.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त वाऱ्याने मोडलेल्या बांबूचं उदाहरण आहे. बांबू ३२ हात, शेंडा बुडापासून १६ हातांवर टेकला, तर मोडला कुठे? उत्तर १२ हातांवर. उभा तुकडा १२, जमिनीवरचं अंतर १६, कललेला तुकडा २०. तिन्ही आकड्यांना चारने भागा, गवंड्याचे ३, ४, ५ हाती येतात. आपल्याच जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

असा वारसा असताना, ज्याचा बाप दिवसभर काटकोन काढतो त्याच मुलाने कोनाच्या धड्याला घाबरावं, 'गणित कच्चं' हा शिक्का घेऊन मागच्या बाकावर बसावं, याचं मला वाईट वाटतं. त्या बापाला एक दिवस दोरी घेऊन वर्गात बोलवायला काय हरकत आहे?

आणि एक प्रयोग घरी करा. २२ डिसेंबरच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास, चोपड्यातल्या अंगणात मीटरभर काठी गुण्या लावून सरळ उभी करा. सावली जवळजवळ काठीएवढीच पडेल, कारण त्या वेळी आपल्याकडे ऊन जमिनीशी सुमारे ४५ अंशांचा, म्हणजे अर्ध्या काटकोनाचा कोन करतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा बघा. एके दिवशी काठीची सावली तिच्या बुडाशी गडप झालेली दिसेल. ऊन तेव्हा जमिनीशी काटकोन करत असतं. मुलांना या दोन्ही दिवसांची नोंद स्वतःच्या हाताने वहीत करू द्या.